अक्षर आणि आकडा : दुकानाचा हिशेब एक्सेलसाठी काढताना

गांधीबागेतला ठोक व्यापारी असो की आमच्या धरमपेठेतला किरकोळ दुकानदार, कापडाच्या धंद्यात ज्याचा हिशेब संगणकावर नाही असा माणूस आज शोधावा लागेल. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. लागू झाला आणि ज्यांनी तोवर लाल वहीला सोडचिठ्ठी दिली नव्हती त्यांनाही संगणकाकडे वळावे लागले. बिल संगणकावर, साठा संगणकावर, उधारीची यादीही संगणकावर. परंतु एक अडचण जवळजवळ प्रत्येक दुकानात दिसते. हिशेब एका प्रोग्रॅममध्ये असतो आणि तो हवा असतो दुसऱ्याला. सी.ए. साहेब म्हणतात, एक्सेलमध्ये पाठवा. बँक म्हणते, येणेकऱ्यांची यादी एक्सेलमध्ये द्या. सुरतेचा पुरवठादार म्हणतो, खाते जुळवायचे आहे, शीट पाठवा. मुलगा बटण दाबतो, फाईल निघते, ती रवाना होते. आणि चार दिवसांनी फोन येतो की बेरीज जुळत नाही.

या लेखात आम्ही त्या फाईलविषयीच लिहिणार आहोत. विषय लहान दिसतो, पण यात पैसे अडकतात हे आम्ही बाजारात पाहिले आहे. संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या व्यापाऱ्यालाही समजेल अशा बेताने मांडणी केली आहे. जे जाणकार आहेत त्यांनी सुरुवातीचा भाग सोडून तारखेवरचा मजकूर वाचला तरी चालेल.

फाईल म्हणजे काय?

जिला सी.एस.व्ही. म्हणतात ती फाईल अतिशय साधी असते. एक बिल म्हणजे एक ओळ. ओळीत बिल क्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, मालाचे नाव, मीटर, दर, रक्कम असे रकाने, आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. बस्स. रंग नाही, ठळक अक्षर नाही, चौकट नाही. नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. अशा फाईली १९७० च्या दशकापासून चालत आल्या आहेत, म्हणजे १९७९ साली निघालेल्या ‘व्हिजिकॅल्क’ या पहिल्या लोकप्रिय हिशेब-पत्रकाच्याही आधीपासून. त्यांचे नियम मात्र लेखी स्वरूपात बऱ्याच उशिरा, २००५ साली आले. तोपर्यंत प्रत्येकाने आपापल्या मर्जीने फाईल लिहिली आणि त्या मर्जीचे अवशेष आजही जुन्या बिलिंग प्रोग्रॅमांत आढळतात.

टॅली वापरणाऱ्यांनी आल्ट आणि ई ही बटणे एकत्र दाबली की निर्यातीचा पर्याय समोर येतो. तेथे सरळ एक्सेलची फाईल काढायची सोय आहे आणि जेथे ती सोय आहे तेथे ती वापरावी, असेच आम्ही सांगू. परंतु बाजारात अनेक लहान प्रोग्रॅम असे आहेत जे फक्त सी.एस.व्ही. देतात. बँकेचा उतारा पुष्कळदा याच रूपात येतो. जी.एस.टी.चे विवरण तयार करणारे सरकारी ऑफलाईन साधनही हीच फाईल घेते. म्हणून तिची ओळख करून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

मुद्दा असा की या फाईलमध्ये ‘हे अक्षर आहे’ आणि ‘हा आकडा आहे’ असे सांगणारी कोणतीही खूण नसते. सगळे सारखेच. उघडणारा प्रोग्रॅम अंदाज बांधतो. एक्सेलचा अंदाज दहातून नऊ वेळा दुरुस्त असतो, आणि दहाव्या वेळी तो काही न बोलता तुमचा माल बदलून टाकतो.

जोडायचे काय आणि ओळखायचे काय

फाईल काढण्यापूर्वी कागदावर रकान्यांची नावे लिहून काढावीत आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारावा : याची बेरीज आपण कधी करणार आहोत काय? मीटरची बेरीज होते. रकमेची होते. ताग्यांच्या संख्येची होते. पण मोबाईल नंबरांची बेरीज कोणी करीत नाही. पिन कोडची करीत नाही. बिल क्रमांक, डिझाईन क्रमांक, बँक खाते, ई-वे बिलाचा क्रमांक, एच.एस.एन. कोड यांची करीत नाही. दिसायला ते आकडे आहेत, पण कामाने ती नावे आहेत. ज्याची बेरीज होत नाही तो रकाना अक्षरांचा समजावा.

ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर काय होते ते पाहा. नागपूरचा दूरध्वनी कोड ०७१२. तो मागच्या नंबराला चिकटवून लिहिला की एक्सेल पुढचे शून्य खाऊन टाकते, कारण त्याच्या मते आकड्याच्या डावीकडच्या शून्याला किंमत नाही. आम्हा कापडवाल्यांचे एच.एस.एन. कोड ५० ते ६३ या प्रकरणांतले असल्यामुळे तेथे हा त्रास होत नाही. सुती कापड ५२०८, कृत्रिम धाग्याचे कापड ५४०७, वगैरे. पण कळमन्याच्या संत्रा व्यापाऱ्याने विचार करावा. संत्र्याचा कोड ०८०५. फाईल एक्सेलमध्ये उघडली, जतन केली, की तो ८०५ झाला. तीन आकडी कोड विवरणात चालत नाही. किराणा, मसाले, चहा, फळे यांच्या व्यापारात असलेल्या आमच्या बंधूंना ही तकलीफ दरमहा होते आणि पुष्कळांना तिचे कारण ठाऊक नसते.

लांब क्रमांकांची गत आणखी वाईट. ई-वे बिलाचा क्रमांक १२ आकडी असतो. एक्सेल अकराहून जास्त आकड्यांची संख्या आखडून दाखवते, त्यात मध्ये इंग्रजी ‘ई’ आणि अधिकचे चिन्ह येते. तेथवर निभावते, कारण आत संख्या शाबूत असते. पण १६ आकडी क्रमांक आला तर एक्सेल पहिले १५ आकडेच पाळते आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवते. बँक खात्याचा शेवटचा आकडा असा बदलला आणि त्या यादीवरून कोणी पैसे पाठवू लागला, तर पुढची कल्पना वाचकांनीच करावी. बरे, एकदा ते शून्य जतन झाले की खरा आकडा त्या फाईलमधून परत मिळत नाही.

आमच्या धंद्याची खास मिसाल म्हणजे तयार कपड्यांची मापे. मुलांच्या फ्रॉकवर ४-६, ६-८, १०-१२ अशी वये लिहितात. एक्सेल त्यांना तारखा समजते. १०-१२ म्हणजे १० डिसेंबर, आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर १२ ऑक्टोबर. ५/१२ असा बिल क्रमांक असेल तर त्याचेही तेच. डिझाईन क्रमांक १२, मग इंग्रजी ‘ई’, मग ४ असा असेल तर एक्सेल त्याचे १,२०,००० करते, कारण शास्त्रीय हिशेबात त्या लिहिण्याचा अर्थ बाराच्या पुढे चार शून्ये असा होतो. गिरणीवाल्याने बिचाऱ्याने नमुना-पुस्तकात सहज ‘ई’ मालिका काढलेली असते.

हे फक्त दुकानदारांच्याच नशिबी आहे असे नाही. मानवी जनुकांना संक्षिप्त नावे देतात. त्यांतली काही सप्टेंबर आणि मार्च या महिन्यांच्या इंग्रजी नावांसारखी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे. २०१६ साली एका पाहणीत असे निघाले की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शास्त्रीय निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत ही गल्लत आहे. शेवटी २०२० साली नावे ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावे बदलली! शास्त्रज्ञांनी जनुकांची नावे बदलली, तर आपण डिझाईन क्रमांकाच्या पुढे एक अक्षर लावायला हरकत नाही. ‘डी’ लावावा, ‘एस’ लावावा, मापाच्या मागे ‘वर्षे’ लिहावे. क्रमांकात एखादे निखळ अक्षर आले की एक्सेल त्याच्या वाटेला सहसा जात नाही. फक्त ते अक्षर ‘ई’ नसावे आणि महिन्याचे नाव नसावे.

इंचाची खूण आणि स्वल्पविराम

आता लिहिण्याचे नियम. ज्या रकान्यात स्वल्पविराम येणार तो पूर्ण रकाना दुहेरी अवतरण चिन्हांत ठेवायचा. पत्ता घ्या : ‘वेस्ट हायकोर्ट रोड, धरमपेठ, नागपूर’. अवतरण नसेल तर हा एक पत्ता तीन रकान्यांत पसरतो आणि पुढचे सगळे दोन घरे उजवीकडे सरकतात. मीटरच्या जागी पेठेचे नाव आणि दराच्या जागी गावाचे नाव.

रकमेतही तोच धोका. आपण १,२५,००० लिहितो. फाईलमध्ये ते तसेच गेले तर एकाचे तीन आकडे झाले : १, २५ आणि शून्ये. म्हणून फाईलमधली रक्कम १२५०००.०० अशी सलग असावी. तिच्या आधी ‘रु.’ नको, नंतर तिरपी रेघ नको, शेवटी ‘जमा’ किंवा ‘नावे’ नको. जमा आणि नावे यांचे दोन वेगळे रकाने करावेत. मीटरपुढे ‘मी.’ लिहू नये, एककाला स्वतंत्र रकाना द्यावा. ‘४२.५० मी.’ हे माणसाला आकडा वाटते, संगणकाला ते अक्षर आहे, आणि अक्षराची बेरीज होत नाही. येथे वाईट हे की एक्सेलची बेरीज अशा घराला चूक म्हणत नाही, मुकाट्याने वगळून पुढे जाते. शंभर ओळींपैकी सहा ओळी अशा असतील तर चौऱ्याण्णवांची बेरीज येते आणि ती अगदी खरी दिसते.

अवतरण चिन्हाचाच एक त्रास कापडवाल्यांना इतरांपेक्षा जास्त आहे. पन्ना आपण इंचात सांगतो आणि ४४ इंच लिहायचे तर ४४ च्या डोक्यावर दोन रेघा देतो. या दोन रेघा म्हणजेच दुहेरी अवतरण चिन्ह! फाईल वाचणारा प्रोग्रॅम अवतरणाच्या आत तिथवर पोचला की त्याला वाटते रकाना संपला. कधी तो पुढच्या ओळीही त्याच रकान्यात गिळतो आणि पंचवीस बिले एका घरात जाऊन बसतात. नियम असा आहे की आतले अवतरण चिन्ह दोनदा लिहावे. म्हणजे असे :

१०७,२०२५-०२-०३,"पॉपलीन ४४"" पन्ना, पांढरे",४२.५०,९५.००

चांगला प्रोग्रॅम हे आपोआप करतो, जुना करीत नाही. आमचा सल्ला सरळ आहे : मालाच्या नावात इंचाची खूण लिहूच नये. ‘४४ इंच’ असे अक्षरांत लिहावे, किंवा पन्न्याचा रकानाच वेगळा करावा, म्हणजे पन्न्याप्रमाणे साठा पाहताही येईल. वरच्यासारखेच खाली असेल तेव्हा जुने मुनीम जी दोन टिंबे-रेघा देत तीही याच जातीची खूण आहे. ती संगणकात चालत नाही. प्रत्येक ओळीत नाव पुन्हा पूर्ण लिहावे, नाहीतर ओळींचा क्रम बदलताच कोणाच्या खाली कोण हे कळणार नाही.

एक गैरसमज येथेच दूर करतो, कारण तो संगणक दुरुस्त करणाऱ्यांकडूनही ऐकू येतो. ‘क्रमांक अवतरणात घाला म्हणजे एक्सेल त्याला अक्षर समजेल’, असे सांगतात. तसे होत नाही. ०८०५ अवतरणात घातला तरी एक्सेल त्याचे ८०५ च करते. अवतरण हे फक्त रकान्याचे कुंपण आहे, आत अक्षर आहे की आकडा हे ते सांगत नाही. अवतरणाच्या आधी बरोबरचे चिन्ह घालण्याची युक्तीही काही जण करतात. त्याने एक्सेल ऐकते, पण तीच फाईल दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये गेली की ते चिन्ह कचरा होऊन सोबत जाते. एकट्या एक्सेलसाठी फाईल असेल तरच ती वापरावी.

उघडण्याची रीत

खरा उपाय फाईल काढणाऱ्याइतकाच उघडणाऱ्याच्या हाती आहे. फाईलवर दोनदा टिचकी मारून ती कधीही उघडू नये. आधी कोरे एक्सेल उघडावे, ‘डेटा’ या पट्टीत जावे आणि ‘टेक्स्ट/सी.एस.व्ही.’ वरून फाईल आत घ्यावी. नव्या एक्सेलमध्ये आधी नमुना दिसतो आणि रकान्याची जात ओळखण्याविषयी विचारणा असते. ती मुळात ‘पहिल्या २०० ओळींवरून’ अशी असते. येथे सावध राहावे. पहिल्या दोनशे ओळींत डिझाईन क्रमांक नुसते आकडे असतील आणि दोनशे पंचविसाव्या ओळीत ‘४१२-ए’ आला, तर एक्सेलने तोपर्यंत तो रकाना आकड्यांचा ठरवून टाकलेला असतो. त्या ‘४१२-ए’चे घर शीटवर रिकामे येते. म्हणून तेथे ‘जात ओळखू नये’ असा पर्याय निवडावा, सगळे अक्षर म्हणून आत घ्यावे, आणि मग मीटर, दर, रक्कम एवढेच रकाने स्वतः आकड्यांचे करावेत. वेळ दोन मिनिटे लागतो.

२०२३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये डावीकडचे शून्य काढणे, लांब आकडे आखडणे असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय दिली. चांगली गोष्ट आहे. पण ती तुमच्या संगणकावर तुम्ही केलेली मांडणी असते. सी.ए. साहेबांच्या कचेरीतल्या संगणकावर तसे असेलच असे नाही.

ज्यांना एक्सेल विकत घ्यायचे नाही त्यांच्यासाठी लिब्रे ऑफिस मोफत मिळते आणि या एका कामात आम्ही त्याला एक्सेलहून सरस मानतो. सी.एस.व्ही. उघडताना ते आधी पुसते : लिपी कोणती, रकाने कशाने तोडले आहेत, कोणता रकाना अक्षरांचा, अवतरणातला मजकूर अक्षरच समजायचा काय? विचारून काम करणारा नोकर केव्हाही बरा.

तारीख

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. कापडाचा धंदा उधारीचा आहे. मालेगाव, इचलकरंजी, भिवंडी येथून माल येतो आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी जातात, ही पिढ्यांची रीत. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३-ब कलमाखाली नवी तरतूद आली आणि २०२३-२४ या हिशेबी वर्षापासून ती लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदणी असलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे. मुदत टळून वर्षअखेरीस बाकी राहिली तर ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरता येते. निव्वळ व्यापाऱ्याच्या येण्याला हे संरक्षण नाही, कारखानदाराच्या आहे. त्या साली कापड बाजारात याची केवढी चर्चा झाली ते सर्वांना आठवत असेल. शिवाय २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहेच.

या हिशेबात सगळे काही दिवसांवर आले. म्हणजे तारखेवर आले.

समजा एका यंत्रमागवाल्याचा माल ३ फेब्रुवारी २०२५ रोजी आला आणि ४५ दिवसांचा करार आहे. फाईलमध्ये तारीख ०३-०२-२०२५ अशी पडली. ४५ दिवस २० मार्चला भरतात. आता ही फाईल अशा संगणकावर उघडली की ज्याची मांडणी अमेरिकी आहे. नवा संगणक घेतला की पुष्कळदा ती तशीच ठेवलेली असते. तेथे महिना आधी आणि दिवस नंतर. एक्सेलने वाचले : २ मार्च २०२५. त्यात ४५ मिळवले की १६ एप्रिल. शीट सांगते, अजून वेळ आहे, ३१ मार्चपर्यंत घाई नाही. खरी मुदत २० मार्चलाच संपलेली. दुकानदार १० एप्रिलला निश्चिंत मनाने पैसे पाठवतो आणि ती खरेदी २०२४-२५ च्या खर्चातून बाद होते. पाच लाखांचा माल असेल तर पाच लाखांचा खर्च त्या वर्षापुरता गेला, नफा तेवढा फुगला, त्यावर कर आला. व्यापाऱ्याने काहीही लपवलेले नाही, फक्त दिवस आणि महिना यांनी जागा बदलली.

ही गल्लत पकडायला कठीण आहे याचे कारण ती अर्धवट असते. १३ तारखेपासून पुढच्या तारखा उलट वाचता येत नाहीत, कारण तेरावा महिना नाही. त्या तारखा एक्सेल अक्षर म्हणून सोडून देते. म्हणजे एकाच रकान्यात १ ते १२ तारखांची बिले उलटी आणि १३ ते ३१ ची सुलटी, पण मुकी. ओळखण्याची खूण अशी की तारीख समजलेले घर उजव्या कडेला चिकटते आणि अक्षर समजलेले डाव्या. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजावे, फाईल बिघडली. तेथेच थांबावे, जतन करू नये, मूळ फाईलकडे परत जावे.

उपाय दोन आहेत. एक, तारीख वर्षापासून सुरू करावी : २०२५-०२-०३. ही रीत आंतरराष्ट्रीय आहे आणि तिचा अर्थ कुठल्याही मांडणीत बदलत नाही. दुसरा, महिना अक्षरांत लिहावा : ०३-फेब-२०२५, अर्थात इंग्रजी अक्षरांत. जी.एस.टी.चे ऑफलाईन साधन याच धर्तीची तारीख मागते आणि त्यामागे हेच शहाणपण असावे. आम्ही आमच्या दुकानात पहिली रीत ठेवली आहे, कारण वर्षापासून लिहिलेल्या तारखा अक्षर समजल्या गेल्या तरी क्रमाने लावल्यावर बरोबर क्रमातच लागतात.

मराठी आणि उर्दू नावे

गिऱ्हाइकांची नावे मराठीत ठेवणारे दुकानदार आता पुष्कळ आहेत. त्यांची तक्रार अशी की नोटपॅडमध्ये मराठी दिसते आणि एक्सेलमध्ये त्याच जागी डोक्यावर टोपी घातलेली विलायती अक्षरे येतात. फाईल बिघडलेली नसते. ती यू.टी.एफ.-८ या पद्धतीने लिहिलेली असते, ज्यात देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि एक्सेल तिला जुनी इंग्रजी पद्धत समजून एकेका बाइटाचे एकेक अक्षर करते. वर सांगितलेल्या ‘डेटा’च्या मार्गाने आत घेताना लिपीच्या जागी ‘६५००१ यू.टी.एफ.-८’ निवडले की नावे सरळ दिसतात. एक्सेलमधूनच फाईल काढायची असेल तर जतन करताना साधी सी.एस.व्ही. न निवडता ‘सी.एस.व्ही. यू.टी.एफ.-८’ निवडावी. साध्या प्रकारात मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती कायमची.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टाईप केलेल्या याद्यांची गोष्ट निराळी. तेथे आत इंग्रजी अक्षरेच असतात, फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा असतो. सी.एस.व्ही. मध्ये फाँट जातच नाही, त्यामुळे मुखवटा गळून पडतो. अशा याद्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि मोमिनपुऱ्यातली काही जुनी खाती आम्ही उर्दू नावांनीच ठेवली आहेत. तेथे एक गंमत होते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि आकडे डावीकडून उजवीकडे. उर्दू नावाला लागून मीटर आणि रक्कम आली की नोटपॅडमध्ये त्यांच्या जागा बदललेल्या दिसतात. तो फक्त पडद्यावरचा देखावा आहे, फाईलमधला क्रम दुरुस्त असतो. हाताने ‘सुधारायला’ जाऊ नये, सुधारले की खरोखर बिघडते.

या लेखात आम्ही आकडे मराठीत छापले आहेत, पण फाईलमध्ये आकडे इंग्रजी अंकांतच असावेत. देवनागरी किंवा उर्दू अंकांची बेरीज प्रत्येक प्रोग्रॅम करीलच असा भरवसा नाही.

नावांच्या बाबतीत आपल्या समाजाने एक काळजी अधिक घ्यावी. एकाच माणसाचे नाव एका बिलावर ‘मो.’, दुसऱ्यावर ‘मोहम्मद’ आणि तिसऱ्यावर ‘मुहम्मद’ असे पडते. इंग्रजीत तर त्याची आणखी चार रूपे होतात. संगणक त्यांना वेगवेगळी माणसे समजतो, एका गिऱ्हाइकाची उधारी तीन ठिकाणी विभागली जाते आणि कोणतीच मोठी दिसत नाही. नोंदणी असलेल्यांसाठी त्यांचा १५ अक्षरी जी.एस.टी. क्रमांक आणि इतरांसाठी दुकानाने दिलेला खाते क्रमांक हीच ओळख धरावी, नाव केवळ वाचण्यासाठी.

पाठवण्यापूर्वी

मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्यावी आणि तिला एक्सेलचा हात लागू देऊ नये. काम तिच्या प्रतीवर करावे. वरची दुकानाचे नाव-पत्त्याची ओळ, मधल्या पानवार बेरजा आणि शेवटची एकूण बेरीज काढून टाकावी. नाहीतर बेरजेचीही बेरीज होऊन रक्कम दुप्पट निघते. पहिली ओळ रकान्यांच्या नावांची, बाकी सगळ्या बिलांच्या.

मग तीन आकडे चिठ्ठीवर लिहावेत : मूळ प्रोग्रॅममध्ये बिले किती, मीटर किती, रक्कम किती. शीटमध्येही तेच तीन काढावेत. ओळींची संख्या जुळली आणि रक्कम कमी आली तर कुठेतरी आकडा अक्षर झाला आहे. ओळीच कमी असतील तर अवतरण चिन्ह पाहावे. आणि फाईल मोठी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, २००७ पासूनच्या नव्या पद्धतीत १०,४८,५७६. इंग्लंडात २०२० साली करोनाच्या दिवसांत प्रयोगशाळांकडून आलेल्या सी.एस.व्ही. फाईली सरकारी आरोग्य खात्याने जुन्या पद्धतीच्या शीटमध्ये भरल्या. मर्यादेपलीकडच्या ओळी बाहेर राहिल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण त्या दिवसांच्या आकड्यांत आलेच नाहीत, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायलाही उशीर झाला. ओळींची संख्या दोन्हीकडे मोजून जुळवली असती तर ते त्याच दिवशी कळले असते.

दुकानाच्या पातळीवर ६५ हजार ओळी म्हणजे पुष्कळ वाटतात, पण किरकोळ दुकानात रोज शंभर बिले आणि प्रत्येक बिलात दोन-तीन नग असतील तर वर्षाला तेवढ्या भरतात. जुना बिलिंग प्रोग्रॅम जुन्या पद्धतीची फाईल देत असेल तर तिमाहीप्रमाणे चार फाईली काढाव्यात.

ती तीन आकड्यांची चिठ्ठी फाईलसोबतच पाठवावी. संदेशात एवढे लिहिले तरी पुरते : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, बिले इतकी, मीटर इतके, रक्कम इतकी, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. पलीकडच्या माणसाने उघडल्याबरोबर ते जुळवून पाहावे आणि जुळले नाही तर त्याच दिवशी फोन करावा, असे आधीच ठरवून घ्यावे.